संग्रहालयातील रणगाडा

इंग्लंडच्या दक्षिण भागात बोव्हिंग्टन येथे रणगाड्यांचे एक मोठे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याचा ‘टायगर १३१’ हा रणगाडा तेथे जतन केलेला आहे. सुमारे ५७ टन वजन, ८८ मिलिमीटरची तोफ आणि समोरच्या बाजूस १०० मिलिमीटर जाडीचे पोलादी चिलखत असलेल्या या जातीच्या रणगाड्यांची त्या काळी मोठी दहशत होती. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियातील लढाईत या रणगाड्याला तोफगोळे लागले, त्याचा फिरता बुरूज अडकला आणि आतील सैनिक तो सोडून निघून गेले. ब्रिटिशांच्या हाती लागलेला हा रणगाडा १९५१ मध्ये संग्रहालयात आला. पुढे तंत्रज्ञांनी अनेक वर्षे परिश्रम करून तो पुन्हा चालता केला.

आता तो मैदानात धावतो, तेव्हा प्रेक्षकांची गर्दी लोटते. ज्या यंत्राने माणसांचे बळी घेतले, त्याचे एवढे कौतुक का करावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. अशी शस्त्रे वितळवून टाकावीत, असेही कोणी म्हणेल. या म्हणण्यामागील भावना समजण्यासारखी आहे. पण तो मार्ग योग्य नव्हे. पुरावा नष्ट केल्याने अपराध पुसला जात नाही. उलट तो घडलाच नाही, असे म्हणणाऱ्यांचे फावते.

मात्र जतन करणे आणि गौरव करणे यांत फरक आहे. केवळ वजन आणि तोफेचा व्यास सांगणारा फलक अर्धेच सत्य सांगतो. टायगर रणगाडे जर्मनीतील कासेल शहरात हेन्शेल कंपनीच्या कारखान्यात तयार होत. या कंपनीत परदेशांतून आणलेल्या मजुरांना सक्तीने राबवले जाई. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याच कासेलवर ब्रिटिश विमानांनी बॉम्बवर्षाव केला आणि हजारो नागरिक मृत्युमुखी पडले. ट्युनिशियाच्या मोहिमेत भारतीय सैनिकही लढले. त्यांतील कित्येक जण घरी परतले नाहीत.

ही माणसे कोणत्याही दालनात मांडून ठेवता येत नाहीत; त्यांची कहाणी मात्र सांगता येते. रणगाडा किती वेगाने धावतो, या प्रश्नाबरोबरच तो कोणी घडवला आणि त्याच्यासमोर कोण उभे होते, हे प्रश्नही पाहणाऱ्याच्या मनात उभे राहिले पाहिजेत. तसे झाले, तरच त्या लोखंडाचे जतन सार्थकी लागेल.