दृष्टीआडची सृष्टी

खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांचे भाग्य उजळते. विणकराचा माग, सुताराचा रंधा, शिंप्याचे मशीन आणि मध्यमवर्गीयांच्या दारातली मोटार, सर्वांना त्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते. मात्र मोटारीपुरते बोलायचे तर माळ चढते बॉनेटवर. बॉनेटखाली जे वर्षभर राबते त्याच्या वाट्याला धूळ, तेलाचा राप आणि वाळका पाला. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच!

वाचकहो, मी मराठीचा प्राध्यापक. इंजिनावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलेच. माझे उत्तर असे की, मी सोलापूरकर आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून या देशातल्या मोटार-उद्योगाच्या पायाभरणीला हात लावला, त्यांचा जन्म १८८२ साली याच गावात झाला. तेव्हा बॉनेट उघडून आत डोकावण्याइतका हक्क गावकीच्या नात्याने आम्हाला पोचतो.

त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या जुन्या फियाटचे पोट साधे असे. कार्ब्युरेटर, बॅटरी आणि मोजक्या तारा. रॉकेलचा बोळा फिरवून ते पुसणारी पिढी आपण पाहिली आहे. रॉकेल तेव्हाही पेटत होते. पण आजच्या इंजिनाभोवती छोटा संगणक, डझनावारी जोडण्या आणि नाजूक सेन्सर बसलेले असतात. जुनी सवय आता दुप्पट महाग पडते. त्यावर नवी सवय निघाली आहे, ती म्हणजे जोराच्या पाण्याचा फवारा. तो डोळ्यांना सुखावतो. पण ते पाणी जोडण्यांच्या फटींत घुसते, तिथे गंज धरतो आणि चार दिवसांनी गाडी अडखळू लागते. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी जास्त प्रमाणात आत गेले आणि कोणी इंजिन सुरू केले, तर आतले दांडे वाकतात. कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही.

या बाबतीत आमचे गाव नकळत शहाणे ठरले. उजनीचे पाणी सोलापूरला शंभरएक किलोमीटरवरून येते, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव या गावाने वर्षानुवर्षे घेतला आहे. इथे मोटारीवर पाइप धरणाऱ्याकडे शेजारी कोणत्या नजरेने पाहतात, ते विचारू नका! आमच्या मेस्त्रींनी मला एका वाक्यात सारे शास्त्र सांगितले होते :

“सर, इंजिनाला आंघोळ नको. आजारी माणसाचं अंग पुसतात ना, तसं पुसून काढायचं.”

आता हे अंग पुसावयाचे कसे?

इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी, सावलीत घ्यावी. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले तर तो तडकू शकतो, आणि हात भाजतो तो वेगळाच. किल्ली काढून घरात ठेवावी. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. मग आधी नुसते पाहावे. उंदराने आणलेल्या चिंध्या, पाला, कधी ऊब शोधत बसलेले मांजराचे पिल्लूही सापडते. चिंध्या आणि पाला हाताने काढावा. धुराच्या तापत्या नळीजवळ तो राहिला तर पेट घेऊ शकतो.

त्यानंतर बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. प्रथम सोडवायची ती हीच आणि शेवटी जोडायचीही हीच. गाडीचे अंग ऋण बाजूला जोडलेले असते, म्हणून धन बाजूवर ठेवलेला पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. तार काढण्यापूर्वी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचावी. विजेच्या किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना मात्र हात लावू नये. तो प्रांत मेस्त्रींचा.

मग रंगाच्या मऊ ब्रशाने कोरडी धूळ वरून खाली झाडावी. अल्टरनेटर, फ्यूजची पेटी आणि हवेच्या नळीचे तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकावे. पिशव्या मोजून ठेवाव्या. सौम्य साबणाच्या पाण्यात फडके बुडवून घट्ट पिळावे आणि पुसावे. तेलकट भागासाठी डीग्रीझर मिळतो. तो इंजिनावर न उडवता फडक्यावर घ्यावा. जुना सोलापुरी टॉवेल या कामाला उत्तम. पेट्रोल आणि रॉकेल दोन्ही वर्ज्य. आगीचे भय आहेच, शिवाय रबरी नळ्या त्याने फुगतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-निळसर बुरशी दिसली तर हातमोजे आणि चष्मा घालून, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती पुसावी; सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

शेवटी कोरड्या फडक्याने पुसून सारे वाळू द्यावे, पिशव्या मोजून काढाव्या, तार जोडावी. इंजिन सुरू करताना पदर, ओढणी आणि सैल बाह्या पट्ट्यापासून दूर. तेलकट चिंध्या पणत्या-फटाक्यांजवळ ठेवू नयेत, आणि मळके पाणी गटारात सोडू नये. ते शेवटी कुठल्या तरी तळ्यात, ओढ्यातच जाते.

इतके करून काय मिळते? चकचकीतपणा आठ दिवसांत जातो; सोलापूरची धूळ कुणाचे देणे ठेवत नाही. मिळते ती वेगळीच वस्तू. एका वर्षी नवमीला इंजिन असेच पुसले होते. भाऊबिजेला आईला घेऊन पुण्याला बहिणीकडे जायचे ठरले होते. अडीचशे किलोमीटरचा रस्ता, आईचे वय ऐंशीच्या पुढे. निघण्याच्या दोन दिवस आधी तेलाची पातळी पाहायला बॉनेट उघडले, तर स्वच्छ पत्र्यावर एक बारीक हिरवी ओघळ चमकत होती. मेस्त्रींनी बोट लावून पाहिले.

“कूलंट आहे. नळीची पकड सुटत आलीय. हायवेला गेला असता तर वाटेत इंजिन तापून बसलं असतं,” ते म्हणाले, आणि मग हसून, “राप असता तर हे दिसलं असतं का, सर?”

ते अर्ध्या तासाचे काम होते. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड, म्हणून सांडलेले थेंब आधी पुसून घेतले. आळीतल्या मांजरांना काय ठाऊक! भाऊबिजेला आम्ही वेळेवर पोचलो, आणि वाटेत आई निवांत झोपली.

म्हणून मी म्हणतो, इंजिन शोभेसाठी पुसायचे नसते. ते बोलू लागले की ऐकू यावे यासाठी पुसायचे. मळलेले यंत्र आपली दुखणी लपवून ठेवते, पुसलेले यंत्र ती पहिल्याच दिवशी दाखवते. दिवाळीच्या प्रवासाला निघणाऱ्या वाचकांनी आदल्या आठवड्यात एखादी सकाळ मोकळी काढावी. बादलीभर नव्हे, तांब्याभर पाणी पुरे.