अठरा तासांच्या अभ्यासात अर्धा तास देहासाठी

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास आपल्याकडील अनेक वसतिगृहांत, महाविद्यालयांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पुतळ्याला केवळ हार घालण्यापेक्षा ग्रंथ उघडून बसणे हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अधिक साजेसे अभिवादन आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. अशा उपक्रमांत मी अनेक वर्षे पर्यवेक्षक म्हणून बसले आहे. त्यांपैकी एका वर्षीची गोष्ट मात्र मनातून जात नाही. दुपार कलताना नववीतील एक मुलगी पुस्तकावरच कोसळली. शुद्धीवर आल्यावर विचारले, तेव्हा कळले की पहाटेपासून तिने काही खाल्ले नव्हते आणि पाणीही प्यायले नव्हते. ती म्हणाली, "बाई, पाणी प्यायले असते तर मधेच उठावे लागले असते." मी तिला रागावणार होते. पण माझ्या टेबलावरील पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच होती आणि मधुमेहाची दुपारची गोळी पर्समध्येच राहिली होती. तिला रागावण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

आपण कष्टांचा गौरव करता करता देहाच्या हेळसांडीचाही गौरव करू लागलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्यकर्ता दिवसभर उपाशी फिरला की तो निष्ठावान ठरतो. आई सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाते, म्हणून ती थोर ठरते. अंगात ताप असताना वर्गावर येणारा शिक्षक आदर्श ठरतो. कोणी वेळेवर जेवला, वेळेवर झोपला, तर त्याला चळवळीची तळमळ नाही असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो.

या समजुतीला आपण बाबासाहेबांच्या आयुष्याचा आधार देतो. परंतु ते आयुष्य नीट वाचले तर निराळाच बोध होतो. राज्यघटनेच्या निर्मितीच्या काळात ते मधुमेहाने आणि पायांच्या असह्य वेदनांनी जर्जर झाले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. देहाकडे जाणत्या नजरेने पाहणाऱ्या माणसाची त्यांना किती गरज होती, हे यावरून ध्यानी येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, वयाच्या ६५व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आणखी दहा वर्षे ते लाभते तर नवदीक्षित समाजाची घडण कशी झाली असती, हा प्रश्न इतिहास शिकवताना मला दरवर्षी छळतो. त्यांनी देह झिजवला, कारण ते काम करणारा दुसरा कोणी नव्हता. ती त्यांची निवड नव्हती, काळाने लादलेली सक्ती होती. त्या सक्तीचे आपण व्रत करून ठेवले आहे. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले, हातात कुंचला धरला, आणि पोशाखाच्या नीटनेटकेपणाविषयी ते अखेरपर्यंत काटेकोर राहिले. या गोष्टींचे अनुकरण करावे असे आपल्याला क्वचितच वाटते.

स्वतःची निगा राखणे हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा माणूस म्हणून जगण्याचा हक्क बजावला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच स्त्रियांसमोर बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याचा, लुगडे नीट नेसण्याचा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकून देण्याचा आणि मुलामुलींना शिकवण्याचा उपदेश केला. ज्यांच्या अंगावर नेटके वस्त्र दिसलेले समाजाला खपत नव्हते, त्यांच्यासाठी स्वतःला नीट ठेवणे हेच बंड होते. आपल्या आज्यांनी ते बंड घरोघर केले. तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्यांची नात पाण्याचा पेला समोर असूनही तहानलेली राहते, तेव्हा त्या लढ्यातले काहीतरी आपल्या हातून निसटले आहे असे समजावे.

तथागतांची शिकवणही हेच सांगते. उग्र तपश्चर्येने देह सुकवून ज्ञान मिळत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले. सुजातेची खीर स्वीकारली आणि मग ते बोधिवृक्षाखाली बसले. विनयपिटकात दात घासण्याच्या काडीची चर्चा आहे आणि पेजेचे गुण सांगितले आहेत. वैशालीला पक्वान्ने खाऊन भिक्षू आजारी पडू लागले, तेव्हा वैद्य जीवकाच्या विनंतीवरून भगवंतांनी चंक्रमणाची म्हणजे ये-जा करीत चालण्याची आणि उष्ण स्नानगृहाची अनुज्ञा दिली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. खाल्लेले पचणे, रोग कमी होणे आणि चित्ताची एकाग्रता टिकणे हे त्यांपैकी तीन. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला जे क्षुल्लक वाटले नाही, ते आपल्या वेळापत्रकाला क्षुल्लक का वाटावे?

सवय कशी लावावी, याचाही एक सुंदर दाखला संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित अतोनात जेवत असे. जेवून धापा टाकतच तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला दूषण दिले नाही, अथवा उपवासही सांगितला नाही. मित आहार घेणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा आशयाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी रोज शंभर कार्षापण ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला आणि शरीर हलके झाले. येथे सवयीचे सारे शास्त्र आले आहे. राजाने केवळ निश्चयावर भिस्त ठेवली नाही. रोज घडणाऱ्याच एका गोष्टीला त्याने नवी आठवण जोडली आणि ती करून देणारा माणूस जवळ ठेवला.

निवासी शाळेइतकी याला अनुकूल जागा दुसरी नाही. येथे घंटा आहे, ठरलेली वेळ आहे आणि सोबत आहे. सकाळची वंदना रोज होतेच. ती संपताच प्रत्येकाने पेलाभर पाणी प्यावे. जेवणापूर्वी हात धुण्यासाठी रांग लागतेच. त्याच नळावर रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. रात्रीच्या जेवणानंतर मैदानाला दोन फेऱ्या घालाव्यात, तेच आपले चंक्रमण. दिवे मालवण्यापूर्वी दहा मिनिटे आनापान करावे, म्हणजे दिवसभराचे भांडण उशाशी घेऊन कोणी झोपणार नाही. पाचवी सवय सर्वांत अवघड आहे. दुखत असेल तर दुखते आहे, असे सांगता आले पाहिजे. आपल्या घरांत दुखणे लपवण्याचीच शिकवण आहे, कारण दुखणे म्हणजे बुडालेली मजुरी. वसतिगृहात तरी मुलाला ते निर्भयपणे बोलता यावे. मासिक पाळीच्या दिवसांत मुलीला खोटे कारण सांगावे लागू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गरिबाच्या आजाराचे मूळ त्याच्या सवयींत नसून त्याच्या परिस्थितीत आहे. मग सवयींचा उपदेश म्हणजे दोष पुन्हा त्याच्याच माथी मारणे नव्हे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. ती मुलगी पाणी का प्यायली नाही, याची चौकशी मी नंतर केली. अभ्यासात खंड पडू नये हे कारण अर्धेच होते. त्या इमारतीतील मुलींच्या शौचालयाला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हते, हे उरलेले अर्धे. अशा ठिकाणी "भरपूर पाणी प्या" असे फलकावर लिहिणे ही निव्वळ थट्टा आहे. म्हणून मुलांना सवयी सांगण्यापूर्वी संस्थेने स्वतःची सवय तपासावी. कडी बसवणे, टाकी धुणे, ताटात डाळीबरोबर पालेभाजी वाढणे ही संस्थेची निगा आहे. ती असेल तरच विद्यार्थ्याची सवय तग धरते. बाजार स्वतःच्या निगेच्या नावाखाली महागडी मलमे आणि चूर्णे विकतो. आपल्याला त्यांची गरज नाही. वर सांगितलेल्या पाच सवयींपैकी एकीलाही पैसे पडत नाहीत.

पुढच्या वर्षी त्या उपक्रमात आम्ही एक बदल केला. आधी शौचालयाची कडी बसवली. मग दर दोन तासांनी घंटा ठेवली. घंटा झाली की सर्वांनी उठायचे, पाणी प्यायचे, अंगणात चालून परत यायचे. प्रत्येक वेळी चार मिनिटे, अठरा तासांत आठ वेळा, म्हणजे जेमतेम अर्धा तास. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नाराजीने म्हटले, "मग हे साडेसतरा तासच झाले." मी म्हटले, "सर, उरलेला अर्धा तासही अभ्यासातच धरा." त्या दिवशी रात्री शेवटची घंटा झाली तेव्हा सारी मुले ताठ बसलेली होती. मीही दुपारच्या घंटेला माझी गोळी घेतली होती.

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेच्या चालकांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे की, हा अर्धा तास रोजच्या वेळापत्रकात छापला जावा. तो सूचनेच्या फळ्यावर नको, तासिकांच्या रकान्यात हवा. बाबासाहेबांचा रथ पुढे न्यायचा तर तो ओढणारे खांदे शाबूत राहिले पाहिजेत, आणि ते घडवण्याचे काम आपल्याकडे आहे.