राखेची निवळी

भगिनींनो, आपल्या जळकोटकडे तूर निघाली की तुराट्या चुलीला लागतात. त्यांची राख आपण भांडी घासून संपवतो. आपल्या आज्या मात्र तिच्या पाण्याने कपडे धूत. चाळलेली राख मातीच्या घागरीत पाण्यात कालवायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरची निवळी फडक्यातून गाळून घ्यायची. राखेतला पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार त्यात उतरतो. म्हणून ती बुळबुळीत लागते आणि कपड्याचा तेलकटपणा काढते. दगडी कोळशाची राख या कामाची नाही. रंग दिलेल्या लाकडाची तर नकोच.

जर्मनच्या पातेल्यात ही निवळी ठेवू नका, क्षार ते भांडे खातो. लोकरी-रेशमी कपडेही तिने खराब होतात. आणि हात? आज्यांच्या बोटांना भेगा असत, त्या काही नुसत्या वयाच्या नव्हत्या. साबणाचे चार पैसे वाचवायला कातडी सोलून घेण्यात कसली काटकसर? निवळीत भरपूर पाणी घाला, हात धुऊन तेल लावा. आटवून दाट केली तर ती भाजते. घागर पोरांपासून लांब ठेवा. डोळ्यात उडाली तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.