उसनी पाटी

आमच्या अंबाजोगाईत शिक्षणाचे नवल कुणाला नाही. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे आहे. दासोपंतांनी तर कागद पुरेना म्हणून की काय, भल्या मोठ्या पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला. निजामाच्या राज्यात, शिक्षणाचे माध्यम उर्दू असताना, स्वामी रामानंद तीर्थांनी इथल्याच योगेश्वरी विद्यालयात मुले शिकवली. अशा या गावात यंदा जूनमध्ये माझ्या भाच्याने शिकवणी-केंद्र उघडले. भाचा इंजिनियर आहे, म्हणजे अर्थातच रिकामा होता. पुण्याच्या एका कंपनीची त्याने फ्रँचायझी घेतली. आमच्या ताईच्या जिभेला तो शब्द वळत नाही. ती सरळ ‘पोराने पाटी उसनी आणलीय’ असे सांगते. मी वीस वर्षे मराठी शिकवतो, पण याहून चांगला प्रतिशब्द मला सुचलेला नाही.

वाचकहो, हा व्यवहार असा असतो. नाव कंपनीचे, पुस्तके कंपनीची, पाटीचा रंगसुद्धा कंपनीचा. जागा, बाके, संगणक, इन्व्हर्टर आणि काळजी मात्र आपली. आरंभी एक रक्कम भरायची, ती परत मिळत नाही. पुढे प्रत्येक फीमधून वाटा पाठवायचा. विद्यार्थी आला तर दोघांचा. न आला तर तो एकट्या आपला! आरंभीची रक्कम ताईच्या पाटल्यांतून आली. पाटल्या सध्या बँकेत आहेत.

कल्पना मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जपानात तोरू कुमोन नावाच्या गणिताच्या मास्तरांनी १९५४ साली आपल्या दुसरीतल्या मुलासाठी रोज हाताने गणिते लिहून काढली. त्यातून पुढे घरगुती शिकवण्यांचे जाळे जगभर पसरले आणि ते वाढवले पुष्कळ अंशी गृहिणींनी. इतक्या लांब कशाला जा? आपल्याकडे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. महामंडळाने इमारती बांधल्या नाहीत. गल्लीतले खासगी संगणक वर्ग होते, त्यांनाच अधिकृत केंद्रे केले. अभ्यास एक, प्रमाणपत्र एक. खोली आणि मास्तर गावचा. त्या काळी आमच्याकडे तासन्तास भारनियमन असे. वीज येईपर्यंत मुले पायरीवर गप्पा मारीत आणि आली की ‘आली, आली’ करीत आत पळत. तरी लक्षावधी लोक त्यातून संगणकापुढे बसले. सरकारी नोकरीच्या अटीत ते प्रमाणपत्र शिरले होते, हा त्यातला मोठा भाग. प्रमाणपत्राला गिऱ्हाईक आधीच ठरलेले होते. भाच्याच्या पाटीमागे असे सरकार उभे नाही.

तरी जूनमध्ये चौदा नावे आली. ज्यांना ऐपत आहे ते मुलांना लातूरला ठेवतात. उरले ते भाच्याकडे. जुलैत एकवीस झाली. ताई खूष. मी पेढे खाल्ले. सप्टेंबरात मात्र भाचा वही घेऊन माझ्याकडे आला.

“मामा, दसऱ्यानंतर यातली आठ जातील.”

“कुठे?”

“ऊस तोडायला.”

बीड जिल्ह्यात याला खुलासा लागत नाही. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. शाळेतल्या लहान मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला कोण ठेवणार? टोळ्या परततात त्या उन्हाळ्यात. कंपनीचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा, सलग. मध्ये खंड पडला की प्रवेश रद्द, पुन्हा पूर्ण फी.

त्या आठांत एक मुलगी होती. एस.टी.ने यायची, पहिल्या बाकावर बसायची. टायपिंगमध्ये वर्गात तिचाच पहिला नंबर. तिने दोन हप्ते भरले होते. आईने ते उचलीतून दिले होते, म्हणजे अजून न तोडलेल्या उसातून.

भाच्याने पुण्याला फोन केला. मे ते दसरा अशी एक तुकडी चालवू द्या, म्हणाला. ती आमच्याकडे भरेल. तिकडचे साहेब अत्यंत सौजन्याने बोलले. वेळापत्रक सर्व शाखांना एकच असते; एका जिल्ह्यासाठी ते बदलता येत नाही. मला यात त्यांचा दुष्टपणा दिसत नाही. पाटी जितकी दूर जाते तितकी ती एकसारखी ठेवावी लागते, नाहीतर ती पाटी कसली? पण ज्याने वेळापत्रक आखले त्याला ऊस फक्त रसवंतीत भेटला असावा, एवढे खरे.

मी भाच्याला म्हणालो, “सोडून दे. तू काय त्यांचा पालक आहेस?”

“मामा, फी घेतलीय.”

त्याने काय केले ते मला दिवाळीच्या आधी कळले. आठांपैकी पाचांनी नाव काढले. तिघांची नावे त्याने ठेवली. मे महिन्यात त्यांचा पुनर्प्रवेश होईल तेव्हा कंपनीचा वाटा तो स्वतः भरणार आहे आणि आपला घेणार नाही. त्या मुलीला त्याने सरावाला एक जुना कीबोर्ड दिला. फडावरच्या कोपीत संगणक कुठला? ती नुसतीच बोटे चालवणार.

ताईला यातले काही ठाऊक नाही. परवा तिने विचारले, “पाटल्या कधी सुटतील रे?” धाकटीचे लग्न वैशाखात ठरते आहे. मी म्हटले, “टोळ्या परत आल्या की बघू.” तिने माझ्याकडे पाहिले आणि करंजीचे सारण परतायला घेतले.