न मागितलेल्या सेवेचे दाम

बाजारात एखाद्या दुकानदाराने न मागितलेली वस्तू आपल्या पिशवीत टाकली, तिचे पैसे परस्पर आपल्या बटव्यातून काढून घेतले आणि वर ‘नको असल्यास कळवावे’ अशी इंग्रजीतली चिठ्ठी हातात ठेवली, तर त्या दुकानदाराला काय म्हणावे हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. भ्रमणध्वनीच्या धंद्यात मात्र ह्याच व्यवहाराला ‘मूल्यवर्धित सेवा’ असे भारदस्त नाव मिळाले. मूल्य कोणाचे वाढले, हा प्रश्न ज्यांनी विचारावयास हवा होता ते दीर्घकाळ गप्प राहिले. आणि ज्यांच्या बटव्यातून पैसे गेले त्यांना तर ते कोठे गेले ह्याचाही पत्ता लागला नाही.

२०१२च्या सुमाराची गोष्ट आहे. आमच्या घराजवळच्या मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईंनी आपला फोन आमच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “सर, काल चाळीस हुतं, आज धाच दावतंय. कुनाला फोन बी केला न्हाई. बघा की जरा.” आम्ही पाहिले. रोमन लिपीत लिहिलेल्या हिंदी-इंग्रजी संदेशांची रांग लागलेली होती आणि त्यांतल्या एकात, अभिनंदनाच्या शब्दांसह, दरमहा तीस रुपयांची ‘कॉलर ट्यून’ सुरू झाल्याची वार्ता होती. बाईंना ती वाचता येणे शक्यच नव्हते. कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलण्यासाठी आम्हांला अर्धा तास निरनिराळी बटणे दाबावी लागली. शेवटी एका तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले की, संमती ग्राहकाच्याच फोनवरून आली आहे, सेवा बंद करता येईल, पैसे मात्र परत मिळणार नाहीत. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढच्या पडद्यावर जे लिहिलेले असते तेच त्याने बोलावे, अशी त्याची नोकरी.

संमती आली होती हे एका अर्थाने खरेही असेल. त्या काळी पडद्यावर अचानक एक चौकट उमटे आणि ती घालवण्यासाठी ‘ओके’ दाबले की ती मान्यता ठरे. दुसऱ्याला फोन लावला की घंटीऐवजी गाणे वाजे आणि हेच गाणे तुम्हांला हवे असेल तर ‘स्टार’ दाबा, असे एक गोड आवाज सांगे. भाजी तोलता तोलता कानाखांद्यात धरलेल्या फोनवर गालाचा स्पर्शही त्यासाठी पुरेसा होता. ज्योतिष, क्रिकेटचे गुणफलक, विनोद, प्रेमाचे सल्ले, असा हा सारा माल. तो बनवणारी कंपनी निराळी, पैसे कापणारी कंपनी निराळी, आणि दोघींमध्ये वाटणी. तक्रार केली की प्रत्येकीला दुसरीकडे बोट दाखवण्याची सोय होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्या व्यवस्थेचा गाभा तीस रुपयांच्या लहानपणात आहे. तीस रुपयांसाठी भांडण्याचा खर्च तीस रुपयांहून अधिक येतो, म्हणून शहाणा माणूस भांडत नाही. असे दहा लाख शहाणे गप्प बसले की महिन्याला तीन कोटी रुपये होतात. एकाच माणसाचे तीन कोटी कोणी काढून घेतले असते तर देशभर गहजब झाला असता. दहा लाखांचे तीस तीस रुपये काढून घेतले तर त्याला महसूल म्हणतात. १९७२ साली मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी भगिनी लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेलाचा आणि धान्याचा भाव दुकानाच्या दारात दिसत होता आणि घरोघरी एकाच दिवशी जाणवत होता. येथे दुकान नाही, भाव दिसत नाही, आणि शेजारणीचेही पैसे गेले आहेत हे शेजारणीला ठाऊक नाही.

त्यात आपल्या देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक प्रीपेड, म्हणजे आधी पैसे भरणारे. त्यांना बिल येत नाही. कोणत्या दिवशी कशासाठी किती कापले गेले ह्याचा तपशील मागण्याचा हक्क २०१२च्या ग्राहक संरक्षण विनियमांनी त्यांना दिला खरा, पण त्यासाठी पन्नास रुपयांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभाही कंपन्यांना दिली. गेलेले तीस रुपये शोधण्यासाठी पन्नास रुपये मोजावेत, असा हा हक्क! ग्राहकांची मंडळी ह्यावर तुटून पडावयास हवी होती.

दूरसंचार नियामक प्राधिकरण स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ४ जुलै २०११ रोजी त्याने आदेश काढला की, सेवा सुरू केल्यावर ग्राहकाची पुष्टी मिळाल्याखेरीज पैसे आकारू नयेत. तो पुरेसा ठरला नाही, म्हणून १० जुलै २०१३ रोजी पुन्हा आदेश निघाला: संमती एकदा नव्हे, दोनदा घ्यावी, आणि सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांना समान असा निःशुल्क क्रमांक ठेवावा. दोन वर्षांत त्याच विषयावर दुसरा आदेश काढावा लागतो, ह्याचा अर्थ पहिला पाळला गेला नाही. तो का पाळला जावा? आदेशभंगासाठी प्राधिकरणाच्या १९९७च्या मूळ कायद्याने ठेवलेला दंड पहिल्या अपराधाला एक लाख रुपयांपर्यंत, पुढच्याला दोन लाखांपर्यंत. वरचा तीन कोटींचा हिशेब ह्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

मग ग्राहकाने न्याय मागावा कोठे? नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारी घेत नाही. २०१२च्या व्यवस्थेप्रमाणे प्रथम कंपनीचे तक्रारकेंद्र, मग कंपनीनेच नेमलेले अपील प्राधिकरण. म्हणजे फिर्यादही आरोपीच्या ओसरीवर आणि अपीलही त्याच्याच माजघरात. ग्राहक न्यायालयाचे दार होते, पण सप्टेंबर २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५च्या तार कायद्याचा आधार घेऊन ठरवले की टेलिफोनच्या बिलाचे तंटे तेथे चालणार नाहीत, लवादाकडे जावे. तारखात्याच्या सोयीसाठी इंग्रजांनी केलेल्या कायद्याची ढाल अशा रीतीने खासगी कंपन्यांना वापरता आली. ही अडचण निःसंदिग्धपणे दूर झाली ती फेब्रुवारी २०२२मध्ये, जेव्हा सर्वोच्च न्यायालयानेच ग्राहक न्यायालयांचा अधिकार मान्य केला. मधली बारा-साडेबारा वर्षे हीच ह्या धंद्याच्या भरभराटीची होती.

ह्याच संदर्भात महाग लघुसंदेशांचे एक गाजलेले प्रकरण आठवते. २००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या ५२ भागांत घरबसल्या प्रेक्षकांसाठी स्पर्धा होती, संदेशाचा दर नेहमीच्या एक रुपयाऐवजी २ रुपये ४० पैसे. सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये. बक्षिसांवर गेले १ कोटी ४ लाख. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये ह्याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवून एक कोटीची दंडात्मक भरपाई लावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण बक्षिसांची रक्कम संदेशांच्याच उत्पन्नातून दिली गेली असा पुरावा नव्हता. न्यायालय पुराव्याने बांधलेले असते हे मान्य. परंतु हा पुरावा कोणाच्या चोपड्यांत असणार? तेथे लोकांनी निदान स्वतःच्या हाताने संदेश पाठवले होते. जेथे तेही घडले नाही, तेथे संमती आली होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच असला पाहिजे.

भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेतही हाच प्रकार चालला: तीच राशिभविष्ये, तेच प्रेमाचे सल्ले, दरमहा ९ डॉलर ९९ सेंट, आणि फोनकंपनीचा वाटा निदान ३५ टक्के. पण तेथे २०१४मध्ये एटी अँड टी कंपनीला १० कोटी ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली आणि २०१६च्या अखेरीस २७ लाखांहून अधिक ग्राहकांना सरासरी ३१ डॉलर प्रत्यक्ष परत मिळाले, बहुतेकांना त्यांच्या फोनच्या बिलातच. एका बाजूने कापता येते ते त्याच बाजूने परतही जमा करता येते, हे ह्यावरून दिसते. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राचा शोध लावावा लागत नाही.

आपल्याकडे उलट आहे. जादा आकारलेली जी रक्कम ग्राहकांपर्यंत पोचत नाही, ती भरण्यासाठी २००७मध्ये ‘दूरसंचार ग्राहक शिक्षण व संरक्षण निधी’ स्थापन झाला. भाजीवाल्या बाईंचे पैसे घेऊन त्यांतून त्यांना शिक्षण द्यावयाचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटते.

कोणी म्हणेल, लघुसंदेशांचा जमाना ओसरला, सरसकट पॅकमुळे शिल्लक कापण्याचा प्रश्नही मागे पडला. आता हा जुना हिशेब कशाला? हिशेब जुना नाही. फोनमधील बटव्याची जागा आता बँकखात्याने घेतली आहे आणि तेथेही ‘मोफत महिना’ संपताच न मागितलेल्या वर्गण्या आपोआप सुरू होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत ‘वर्गणीचा सापळा’ आहेच. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरील आवर्ती वसुलीच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवणे सक्तीचे केले, हे योग्यच झाले. पण सूचनेने वाचणारा ग्राहक सूचना वाचू शकणारा असावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की परतावा तक्रारीवर अवलंबून ठेवू नये. नोंदलेली संमती ज्या कंपनीला दाखवता येत नाही, तिने त्या सेवेखाली कापलेली प्रत्येकाची रक्कम, कोणी मागो वा न मागो, व्याजासह त्याच क्रमांकावर जमा करावी. संमतीचा संदेश ग्राहकाच्या भाषेत आणि लिपीत असावा. तसा नसल्यास ती संमतीच नव्हे. तपशील मागण्याचे शुल्क रद्द व्हावे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ह्यासाठी हत्यारे दिलेली आहेत. केंद्रीय प्राधिकरण स्वतःहून चौकशी करून किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकते. आणि ज्यांना सहज ओळखता येत नाही अशा असंख्य ग्राहकांचे नुकसान झाले असेल, तर विकलेल्या सेवेच्या मूल्याच्या किमान २५ टक्के रक्कम भरावयास लावण्याचा अधिकार ग्राहक आयोगांना आहे. पूर्वीच्या कायद्यात हेच प्रमाण ५ टक्के होते. ग्राहक पंचायतींनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी मंडईत, रिक्षाथांब्यांवर बसून एका महिन्यात शंभर शंभर फोनांच्या नोंदी जमवल्या, तर अशा दाव्याला लागणारा पुरावा कंपनीच्या चोपड्या उघडण्याआधीच हाती येईल.