आवडीवर जकात

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक पत्र आले. पत्रलेखक निपाणीचे एक जुने सभासद, साठीकडे झुकलेले, व्यवसायाने दुकानदार. मासिक व्याख्यानात ‘मला आवडलेली ऑस्ट्रेलियन रॉकगीते’ या विषयावर आपण मराठीतून तासभर बोलू इच्छितो, सोबत पाच-सहा गाणी ऐकवू, मानधन व प्रवासखर्च नको, एवढाच मजकूर होता. पत्र वाचून होताच खोलीत हशा पिकला. एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘मंडळ बेळगावचे आहे, मेलबर्नचे नव्हे’ असा शेरा मारला. दुसऱ्यांनी अधिक गंभीरपणे सांगितले, की सीमाभागात मराठीच्या एकेका शाळेसाठी झगडावे लागत असताना परक्यांच्या गोंगाटाला व्यासपीठ देणे म्हणजे आपल्याच घरात फितुरी आहे. विषय तीन मिनिटांत निकालात निघाला. मी त्या खोलीत होतो आणि मीही हसलो होतो. तो निर्णय चुकीचा होता, असे आज माझे मत आहे, आणि ते का, हे सभासदांपुढे मांडणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम हे कबूल केले पाहिजे, की आक्षेप घेणाऱ्यांची चिंता खोटी नाही. 1956 पासून या भागातील मराठी माणसाने जे सोसले, ते मी नव्याने सांगण्याची गरज नाही. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, 2014 मध्ये बेळगावचे सरकारी नाव बदलले, आणि या साऱ्या काळात मराठी वाचणारी-लिहिणारी मुले कमी होताना आपण डोळ्यांनी पाहत आलो. ज्याच्या घराला गळती लागली आहे तो पाहुण्यांना बोलावताना विचार करतो, हे मला समजते. पण चिंता खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो, असे नाही. माणसाला कोणते गाणे आवडते यावरून त्याची भाषानिष्ठा मोजावी, हा निष्कर्ष तर आपल्याच इतिहासाशी विसंगत आहे.

नंतर एके दिवशी मी मुद्दाम निपाणीला जाऊन त्या सभासदांना भेटलो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या कॅसेट आजही खोक्यात लावून ठेवलेल्या आहेत. बेळगावात अभियांत्रिकीला असताना, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, गोव्याहून येणाऱ्या मित्रांकडून त्यांनी त्या मिळवल्या होत्या. ‘सर, शब्द पहिल्यांदा कळलेच नाहीत. ठेका कळला. शब्द मग शब्दकोश घेऊन लावले,’ असे ते म्हणाले. परकी कविता आपण याहून वेगळ्या रीतीने वाचतो काय?

त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवले ते ‘ईझीबीट्स’ या वाद्यवृंदाचे 1966 सालचे ‘फ्रायडे ऑन माय माइंड’. आठवडाभर राबणारा कामगार शुक्रवारची वाट पाहतो, एवढाच त्याचा विषय. हा वाद्यवृंद 1964 मध्ये सिडनीजवळच्या व्हिलावूड येथील निर्वासित-स्थलांतरितांच्या वसतिगृहात जमला. त्याच्या पाच जणांपैकी दोघे हॉलंडचे, दोघे इंग्लंडचे आणि एक स्कॉटलंडचा. ऑस्ट्रेलियन रॉकचा पाया घालणाऱ्या या पाचांत ऑस्ट्रेलियात जन्मलेला एकही नव्हता! त्यांतील स्कॉटिश तरुण जॉर्ज यंग. त्याचे धाकटे भाऊ माल्कम आणि अँगस हे दोघेही ग्लासगोचे, 1963 मध्ये कुटुंबाबरोबर आलेले. त्यांनीच 1973 मध्ये सिडनीत ‘एसी/डीसी’ची स्थापना केली. पुढे त्यांना मिळालेला गायक बॉन स्कॉट हाही स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि लहानपणी बॅगपाइपच्या पथकात ढोल वाजवलेला. म्हणूनच त्यांच्या 1975 च्या ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’ या गाण्यात विजेच्या गिटारीबरोबर चक्क बॅगपाइप वाजतो. 1976 मध्ये मेलबर्नच्या भर रस्त्यातून, उघड्या ट्रकवर उभे राहून, त्यांनी हे गाणे चित्रित केले. गावोगाव फिरणाऱ्या कलावंताची फसवणूक आणि हाल हा त्याचा विषय. बैलगाड्यांतून बिऱ्हाड हलवणाऱ्या आपल्या नाटक मंडळ्यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही. आणि छावणीच्या गावात वाढलेल्या बेळगावकराला बॅगपाइप तरी परका कसा?

दुसरे गाणे ‘कोल्ड चिझल’चे, 1978 सालचे ‘खे सान’. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला शिपाई. घरी येतो, पण त्याचे मन कुठेच ठरत नाही. व्यापारी नभोवाणी केंद्रांच्या संघटनेने ते प्रसारणास अयोग्य ठरवले होते, तरी लोकांनी ते सोडले नाही. आज त्या देशात ते जवळजवळ लोकगीत झाले आहे. आपल्या पंचक्रोशीत पलटणीतून परतलेला माणूस नाही असे गाव शोधावे लागेल. लढाईनंतरचे त्याचे मुके आयुष्य मराठीत किती कवितांनी मांडले, हा प्रश्न मला ते गाणे ऐकताना पडला. एखाद्या साहित्य मंडळाला हा प्रश्न पाडणारे गाणे साहित्याबाहेरचे म्हणता येईल काय?

तिसरे ‘मिडनाइट ऑइल’चे 1987 सालचे ‘बेड्स आर बर्निंग’. ज्या आदिवासींची जमीन गोऱ्यांनी घेतली, त्यांना ती परत करा, असे गोऱ्या गायकांनीच आपल्या समाजाला ठणकावून सांगणारे हे गीत आहे. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात, पंतप्रधानांच्या समक्ष, हे गायक क्षमायाचनेचा शब्द कपड्यांवर लिहून उभे राहिले. कारण ती क्षमा मागण्यास सरकार तयार नव्हते. 2008 च्या फेब्रुवारीत पुढच्या पंतप्रधानांनी संसदेत, आईबापांपासून तोडल्या गेलेल्या आदिवासी मुलांच्या पिढ्यांची क्षमा मागितली, तेव्हा त्याच वाद्यवृंदाचा गायक पीटर गॅरेट मंत्रिमंडळात होता. त्या आदिवासींचे दुःख आणि आपले दुःख एका मापाचे आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे उथळपणाचे होईल. पण भूमीवरचा हक्क, सरकारी कागद आणि माणसे यांचे नाते काय, हे ज्यांना कळते असे आपण समजतो, त्यांनी तरी हे गाणे ‘गोंगाट’ म्हणून झटकू नये.

आता ‘परक्या’ या शब्दाकडे वळू. आपण ज्या नाट्यसंगीताला मराठी मनाचा ठेवा मानतो, त्याचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मले. कानडी मुलुखात वाढलेला हा माणूस बेळगावात शिक्षक होता. 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणि 1882 मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणताना त्यांनी लावण्या, साक्या, दिंड्या यांच्याबरोबरच कानडी पदांच्या चालीही निःसंकोच घेतल्या. जुन्या नाटकांची पुस्तके उघडून पाहावीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते, आणि ती कुठून घेतली हे उघड सांगितलेले असते. पुढे 1911 च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग आणला. त्याने मराठी नाटक बाटले, असे आज कोणी म्हणत नाही.

या संदर्भात ऑस्ट्रेलियातील एक खटला आठवतो. ‘मेन ॲट वर्क’ यांच्या 1981 च्या ‘डाउन अंडर’ या गाजलेल्या गाण्यात बासरीचा एक तुकडा आहे. तो मॅरियन सिंक्लेअर या शिक्षिकेने 1930 च्या दशकात मुलींसाठी रचलेल्या ‘कूकाबरा’ या गीतावरून घेतला आहे, असे 2010 मध्ये न्यायालयाने ठरवले आणि मानधनाचा पाच टक्के वाटा हक्कधारक कंपनीला देवविला. दावा त्या बाईंनी नव्हे, तर त्यांच्या पश्चात हक्क विकत घेणाऱ्या कंपनीने केला होता. हाच न्याय आपल्याला लावला, तर सबंध संगीत रंगभूमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहील! किर्लोस्करांनी घेणे लपवले नाही, पदाच्या माथ्यावर छापले. आज त्यांचे वारस म्हणवणारे आपण मात्र घेण्यालाच गुन्हा मानू लागलो आहोत.

यावर कोणी म्हणेल, की कानडी काय, लखनवी काय, सारे एका देशातले. ऑस्ट्रेलियाचा इथे संबंध काय? त्यांना मी हार्मोनियमची कथा सांगेन. हे वाद्य युरोपातून आले. ते परके आहे, त्यावर आपल्या श्रुती निघत नाहीत, या कारणासाठी 1940 मध्ये नभोवाणीवरून त्याची हकालपट्टी झाली. बंदी सैल होऊ लागली ती 1971 नंतर. या तीन दशकांत रसिकांनी पेटी फेकून दिली काय? कागवाडला 1917 मध्ये जन्मलेल्या आणि 2010 पर्यंत आपल्यात असलेल्या पं. रामभाऊ बिजापुरे यांनी त्याच ‘परक्या’ वाद्यावर आयुष्य वेचले, थोर गायकांची साथ केली आणि बेळगावात शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. घरात त्यांची भाषा कोणती आणि पेटीचे जन्मगाव कोणते, हे प्रश्न बेळगावकरांनी कधी विचारले नाहीत. सुळेभावीच्या शिवपुत्र कोमकळींचा कुमार गंधर्व झाला, माळव्यात राहून त्यांनी तिथली लोकगीते उचलली, मराठी पदे गायली. तेव्हाही आपण त्यांना मातृभाषेचा दाखला मागितला नाही. मग निपाणीच्या दुकानदाराकडेच तो का मागावा?

बंदीने आवड मरत नाही, हेही आपल्या देशाने पाहिले आहे. 1952 मध्ये माहितीमंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत नभोवाणीने चित्रपटगीते हद्दपार केली. हेतू शुद्ध होता, अभिजात संगीताची कान-तयारी व्हावी हा. परिणाम काय झाला? सबंध देश रेडिओ सिलोनकडे वळला, आणि 1957 मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला ती गीते परत आणावी लागली. आपल्या दाराशी आलेल्या श्रोत्याला बाहेर काढले, की तो ऐकणे थांबवत नाही. तो दुसऱ्याच्या दाराशी जाऊन ऐकतो.

इथेच मला खरा धोका दिसतो. त्या सभासदांनी आपल्याकडे काय मागितले होते? इंग्रजीतून भाषण करण्याची परवानगी नव्हे. चाळीस वर्षांची स्वतःची आवड मराठीतून सांगण्याची संधी त्यांनी मागितली होती. विजेच्या गिटारीचा खरखरीत नाद, एसी/डीसीचा आवळून बांधलेला ठेका, व्हिएतनामहून परतलेल्या शिपायाचा कोरडा सूर, यांसाठी मराठी शब्द शोधण्याचे कष्ट ते स्वखर्चाने करणार होते. हे काम साहित्य मंडळाचे नव्हे, तर कोणाचे? आपण त्यांना जे उत्तर दिले, त्याचा अर्थ सरळ आहे: मराठीत बोलायचे तर मराठीच्या दुःखाविषयी बोला, आवडीविषयी बोलायचे असेल तर दुसरी भाषा शोधा. त्यांच्या मुलाने ती केव्हाच शोधली आहे. बाप-लेक या गाण्यांविषयी बोलतात ते इंग्रजीत. भाषा शाळा बंद पडल्याने जशी आटते, तशीच ती माणसाच्या आनंदातून बाहेर काढली गेल्यानेही आटते. पहिल्या गोष्टीसाठी आपण मोर्चे काढतो आणि दुसरी स्वतःच्या हाताने करतो.

एक आक्षेप उरतो, तो अभिरुचीचा. या गाण्यांत अर्वाच्यपणा आहे, आरडाओरडा आहे. आहेच. बॉन स्कॉटच्या कित्येक रचना घरच्या मंडळींसमोर ऐकण्याजोग्या नाहीत, हे त्या सभासदांनी स्वतःच मला सांगितले. पण लावणीविषयी आपल्या आजोबांनी याहून वेगळे काय म्हटले होते? आज आपण तिच्यावर परिसंवाद भरवतो. सगळेच चांगले आहे असे चाहता म्हणत नाही. काय निवडावे आणि का, हे तो सांगतो. ते ऐकून मग खुशाल विरोध करावा. न ऐकता हसणे ही टीका नव्हे.

कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या थांबतात, कागद तपासले जातात. ती सरकारची गरज असेल. साहित्य मंडळाने सभासदांच्या आवडीवर असला नाका बसवण्याचे कारण नाही. माझी कार्यकारिणीला विनंती आहे, की तो अर्ज पुन्हा विचारात घ्यावा आणि येत्या तिमाहीतील एक सायंकाळ त्यांना द्यावी. अट एकच असावी, भाषण मराठीत व्हावे. ती अट त्यांनी मागण्यापूर्वीच मान्य केली होती. आपण तेवढे लक्ष देऊन पत्र वाचले नाही, आणि न वाचता हसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता.