सोमवारी सकाळी सांगा

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे. येत्या शनिवारी काम सुटलं की सोमवारी कामाची वेळ होईपर्यंत कुणालाही कामाचा मेसेज पाठवू नका. फोन नको, ग्रुपवर 'जरा बघून घ्या' नको, 'घाई नाही, सवडीने करा' हेसुद्धा नको. जे आठवेल ते कागदावर टिपून ठेवा आणि सोमवारी सकाळी सांगा.

एवढ्याशा गोष्टीसाठी आवाहन कशाला, असं कुणाला वाटेल. नोकरीत होते तेव्हा मलाही तसंच वाटलं असतं. मी ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका होते. शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला होता आणि त्याचा मला अभिमानही होता; शिपायाला सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरावं लागत नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास वरच्या कार्यालयातून आदेश आला : विद्यार्थ्यांची माहिती रात्री आठच्या आत लिंकवर भरावी. मी तो जसाच्या तसा ग्रुपवर ढकलला. तासाभरात एकेकाचं 'भरलं मॅडम' येऊ लागलं. सातवीच्या वर्गशिक्षिकेचं सगळ्यांत आधी आलं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी कळलं की तिच्या आईला रविवारी दुपारीच दवाखान्यात हलवलं होतं. आई अतिदक्षता विभागात होती आणि ही बाहेरच्या बाकावर बसून, भावाला घरी पिटाळून हजेरीपटाचे फोटो मागवून, बेचाळीस मुलांची माहिती मोबाइलवर अंगठ्याने भरत होती. मी म्हटलं, "अगं, मला एक फोन करायचास." ती म्हणाली, "तुमचा मेसेज होता ना, मॅडम."

त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते माझ्या मनातून गेलं नाही. तीच माहिती पुढच्या महिन्यात वेगळ्या नमुन्यात पुन्हा मागवली गेली. त्या रविवारी रात्री आठला काहीही अडणार नव्हतं. वरून आलेला मेसेज सोमवारी सकाळी साडेदहाला पुढे पाठवणं माझ्या हातात होतं, आणि मी ते केलं नाही.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. लहानपणी आम्ही त्यांच्या खोलीवर जायचो तेव्हा घड्याळ कुणी बघत नसे, भोंगा ऐकत. पाळी भरायची वेळ झाली की भोंगा, पाळी सुटली की भोंगा. काम फार कष्टाचं होतं, कानठळ्या बसायच्या, कापसाची तूस छातीत जायची; त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण सुटल्याचा भोंगा झाला की मुकादमसुद्धा त्यांना काही सांगू शकत नसे. रविवारी ते अंगाला तेल लावून सावकाश अंघोळ करत, गावी पत्र लिहीत, संध्याकाळी भजनाला बसत. आज आमच्या मुलांच्या खिशात जो भोंगा आहे, तो पाळी भरल्याचा तेवढा वाजतो. सुटल्याचा वाजतच नाही.

आजोबांना तो रविवार मिळाला कसा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मला फार उशिरा कळलं. तो मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जन्म १८४८चा, आमच्याच ठाण्यातला. जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू' पत्र चालवणारे. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नव्हता. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. मोबाइल सोडा, ज्यांना वाचताही येत नव्हतं अशा माणसांकडून साडेपाच हजार सह्या आणि अंगठे गोळा करायला काय पायपीट लागली असेल! तरीही सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी बायाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार कामगाराच्या घरी आला तो असा.

पुढे तासही कमी होत गेले, पण एकेक पायरी उतरायला पिढी लागली. १९११च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची हद्द घातली. १९२२ला ती ११वर आली, १९३४ला १०वर. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांचा कायदा झाला. १९४८च्या कारखाने अधिनियमात तेच कायम राहिलं.

आता पुन्हा त्याच पायऱ्या चढायला लावल्या जात आहेत, म्हणून मला घाई आहे. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले दिवसाचे तास ९वरून १२ करायला आणि दुकानं-आस्थापनांतले ९वरून १० करायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे, त्यावरच्या कामाला दुप्पट मोबदला आहे, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, हे सगळं त्यात आहे; ते लपवून मला बोलायचं नाही. पण ज्याच्या घराचा हप्ता पगारावर चालतो, तो साहेबाने पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर सही करणार नाही, असं आपल्यापैकी कोण छातीठोकपणे सांगेल? त्याआधी ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले आणि माणसांना रविवारी कामाला लावता येत नाही याची त्यांनी खंत केली. मोठ्या कर्तबगारीची माणसं आहेत ही. पण १८९०मध्ये मालकांनी जी गोष्ट सोडली, तिची २०२५मध्ये कुणाला हळहळ वाटावी, याचं मला मनापासून दुःख झालं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१मध्ये मिळून हिशेब मांडला होता. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. आणि हे मोजलेले तास. रविवारी दुपारी आलेले अकरा मेसेज, त्यांची उत्तरं, उत्तर दिल्यावर 'ठीक आहे' येईपर्यंत फोनकडे लागलेले डोळे, हे कुठल्याच हजेरीपुस्तकात चढत नाहीत. सुट्टीचा कायदा माणसाला कामाच्या जागेपासून सोडवतो. त्याच्यामागे घरापर्यंत येणाऱ्या मेसेजबद्दल त्यात अवाक्षर नाही.

माझा जावई हिंजवडीत काम करतो. गेल्या महिन्यात मी मुलीकडे होते. रविवारी दुपारी पानं वाढली, तेवढ्यात त्याचा कॉल सुरू झाला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून तो एका हाताने जेवू लागला. चार वर्षांचा नातू बाबांना काहीतरी सांगायला धावत आला आणि मध्येच थांबला. आधी त्याने वाकून पडदा बघितला. माइकच्या चित्रावर लाल रेघ आहे याची खात्री केली, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, माझा दात हलतोय." त्याला अजून अक्षरं येत नाहीत. लाल रेघ कळते.

हे फक्त हिंजवडीचं दुखणं नाही. अंगणवाडी सेविकेचं काम घरी, चुलीजवळ, रात्री नेटवर्क आल्यावर चालतं. बाळांची वजनं आणि उंची 'पोषण ट्रॅकर' या सरकारी अ‍ॅपवर चढवायची असतात. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले बंद पडणारे मोबाइल हजारोंनी परत केले होते, ते आठवा. आशाताई, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतली वसुलीची पोरं, कुणालाही विचारून बघा. आणि दारात सामान आणून देणाऱ्या मुलांना तर साप्ताहिक सुट्टी हा शब्दच लागू नाही. ज्या दिवशी अ‍ॅप बंद, त्या दिवशी कमाई बंद. आणि शनिवार-रविवारीच मागणी जास्त. रविवारी दुपारी दोनच्या उन्हात विसरलेली कोथिंबीर मागवण्याआधी एकदा थांबा, एवढंच त्यांच्यासाठी मागते.

'आमचा ग्राहक अमेरिकेत आहे, त्याची सकाळ ती आमची रात्र,' असं मला मुलं सांगतात. खरं आहे. पण रविवार तर तिकडेही रविवारच असतो. आणि परदेशात हे चालतंच असंही नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-ईमेलबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४पासून कामाच्या वेळेनंतर आलेल्या साहेबाच्या मेसेजला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्कच आहे. ते देश काही बुडाले नाहीत.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांना माझं सर्वांत आधी सांगणं आहे, कारण मी त्याच खुर्चीत बसले होते. 'मी फक्त पाठवून ठेवतो, त्यांनी उद्या बघावं,' हे तुमच्या मनात असतं. वाचणाऱ्याच्या हातात नसतं. त्याला तुमचं नाव दिसतं आणि पोटात गोळा येतो. ईमेल लिहायचाच असेल तर लिहा, पण तो सोमवारी सकाळी जाईल असं लावून ठेवा. ती सोय आता फुकट मिळते. वरून रविवारी आदेश आला तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या. आग लागली असेल, कुणाचा जीव धोक्यात असेल, तर फोन करा, मेसेज करू नका. फोन करायला जीभ अडखळली तर ओळखा की ते काम सोमवारपर्यंत थांबू शकतं.

नर्स, बसचालक, पोलीस, सोसायटीचे वॉचमन यांना रविवारी कामावर यावंच लागतं. त्यांची सुट्टी मंगळवारी असेल, गुरुवारी असेल. त्यांचा तो दिवस रविवारइतकाच जपा. 'आज घरीच आहेस ना' म्हणून घरकामाच्या ताईंना सुट्टीच्या दिवशी बोलावणं हेही त्यातच आलं. पालकांनो, मुलाच्या गृहपाठाबद्दल बाईंना रात्री दहाला विचारू नका. आणि घरच्यांनो, जेवताना फोन वाजला की 'घे, महत्त्वाचा असेल' असं आपणच म्हणतो. ते म्हणायचं बंद करूया.

कायदाही हवाच. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं, आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. पण स्वातंत्र्यापासून अशी खासगी विधेयकं फक्त १४ मंजूर झाली आणि शेवटचं १९७० साली. पक्ष कुठलाही असो, खासदारांना बाहेरून लोकांचा आवाज ऐकू आल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या दारोदार फिरून मिळवल्या. आपल्याला पन्नास पैशांचं एक पोस्टकार्ड पुरे. टपाल कार्यालयात मिळतं. त्यावर आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचं नाव आणि पत्ता घाला आणि एवढंच लिहा : "कामाची वेळ संपल्यावर आलेल्या फोनला आणि मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क देणारा कायदा व्हावा, यासाठी आपण संसदेत बोलावं." खाली सही करा, गावाचं नाव आणि पिनकोड घाला.

शनिवारी दुपारच्या आत पेटीत टाका. रविवारी टपाल निघत नाही.